दहा परस खाली

मराठीत ‘खाण’ हा शब्द सहसा कष्टाच्या सोबतीने येत नाही. एखादी मुलगी सौंदर्याची खाण असते, एखादा मनुष्य गुणांची खाण असतो. ‘खाण तशी माती’ असे आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे आई आणि लेक असतात. टिकाव आणि पाटी नसते. संतवाङ्मयात चार खाणी आहेत, पण त्या जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. जीव कोठून जन्माला येतो हे सांगणाऱ्या. म्हणजे आपल्या भाषेतली खाण ही देणारी आहे, उदार आहे, न आटणारी आहे. तिच्यात कोणीतरी उतरतो आणि खणतो, याची दखल या वाक्प्रचारांनी घेतलेली दिसत नाही. ‘खाणकामगार’ असा शब्द आहे, नाही असे नाही. पण तो कचेरीत घडलेला आणि वर्तमानपत्रातून आलेला शब्द आहे. माझ्या आईने तो आयुष्यात कधी उच्चारला असेल असे मला वाटत नाही, आणि तिने तर दगड फोडलेला आहे. त्याविषयी पुढे येईलच.

मी माजलगावला मराठी शिकवतो. अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा अभ्यासक्रमात असो वा नसो, वर्षातून एकदा तरी मी ती वर्गात घेतो. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, उपनगराजवळच्या दगडखाणीत त्याला काम मिळते, ती खाण बंद पडते आणि पोटासाठी तो स्मशानाकडे वळतो. राख चाळतो, मग प्रेते उकरू लागतो. अखेर एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात, ती कापावी लागतात, आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. या कथेवरची उत्तरे मी इतकी वर्षे तपासत आलो आहे. त्यांत भीषण वास्तव असते, शोकात्म उपरोध असतो, भांडवली व्यवस्थेवरचा एक परिच्छेद असतो. खाणीच्या वाट्याला मात्र एकच वाक्य येते: ‘भीमा खाणीत काम करीत होता.’ सर्वांचे लक्ष स्मशानाकडे. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपण शिक्षकही त्या कोल्ह्यांच्या आणि कुजलेल्या वासाच्या प्रसंगांपाशी रेंगाळतो आणि खाणीवरून पुढे सरकतो.

एके वर्षी मी वर्गाला विचारले, बोटे गेल्यावर खाणीत नेमके काय अडते? काही वेळ कोणीच बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, पहार फिरवता येत न्हाई.”

त्याने पुढे जे सांगितले ते असे. कॉम्प्रेसर नव्हता तेव्हा सुरुंगाचे भोक हाताने पाडावे लागे. एकाने खडकावर पहार उभी धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. प्रत्येक घावानंतर धरणाऱ्याने पहार किंचित फिरवायची. न फिरवली तर ती त्याच खाचेत रुतून बसते, भोक गोल पडत नाही, आणि पुढचा घाव तिरपा बसला तर तो पहारीवरून निसटून धरणाऱ्याच्या मनगटावर येतो. घण मारणाऱ्याला ताकद लागते. धरणाऱ्याला बोटे लागतात आणि मारणाऱ्यावर विश्वास लागतो. वर्षानुवर्षे शिकवूनही त्या कथेचा शेवट मला त्या दिवशी पहिल्यांदा हाताला लागला. मुलाचे वडील विहिरी खोदतात. दिवाळीच्या आगेमागे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात, आणि मृगापर्यंत वडील यारीवर असतात.

वास्तविक माजलगाव तालुक्यात खाण म्हणावे असे काही नाही. सिंदफणेच्या काठचे हे गाव, उत्तरेला गोदावरी, वर काळी माती आणि खाली दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरत गेला, थरावर थर बसले, आणि त्या थरांनी आम्हाला कोळसा दिला नाही, सोने दिले नाही. कोळसा सापडतो तो हा पाषाण जिथे संपतो तिथे, पूर्वेला चंद्रपूरकडे, याहून कितीतरी जुन्या गोंडवनी खडकांत. तरीही खाण आम्हाला अगदीच परकी होती असे नाही. १९४८ पर्यंत बीड जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानात सिंगारेनीच्या कोळसाखाणी होत्या. तिथला कोळसा १८८९ पासून निघू लागला होता. रायचूरकडची हट्टीची सोन्याची खाणही त्याच राज्यातली. आम्ही कंत्राटदाराला अजून ‘गुत्तेदार’ म्हणतो, तो शब्द त्या जुन्या राज्याचा. खनिज आमच्याकडे आले नाही, गुत्ता आला.

खरी कोळसाखाण मी पाहिली ती २०१२ च्या फेब्रुवारीत. चंद्रपूरला ८५ वे साहित्य संमेलन होते, वसंत आबाजी डहाके अध्यक्ष होते. संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी परिसंवाद सोडून (कोणता ते सांगत नाही) तिथल्या एका प्राध्यापक स्नेह्याबरोबर मी खुल्या खाणीच्या काठावर जाऊन उभा राहिलो. खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला प्रचंड खड्डा, तळाशी काडेपेटीएवढे दिसणारे ट्रक, आणि काठाशी काढून टाकलेल्या मातीदगडाचे डोंगर. देशातला नव्वद टक्क्यांहून अधिक कोळसा आता अशा खुल्या खाणींतून निघतो. पाहायला ते भव्य होते, पण माणूस कोठे दिसत नव्हता. माणसाची गोष्ट मला संध्याकाळी कळली, खाणवसाहतीतल्या एका निवृत्त कामगाराच्या ओसरीवर. त्यांची उमेद भूमिगत खाणीत गेली होती.

त्यांनी फरशीवर पाण्याच्या बोटाने आडव्या-उभ्या रेघा ओढल्या. रेघा म्हणजे कोळशात खणलेले रस्ते, आणि मधले चौकोन म्हणजे न खणता ठेवलेले कोळशाचे खांब. छत या खांबांवर तोललेले असते. म्हणजे जो कोळसा काढायला तुम्ही खाली उतरलात, त्यातलाच पुष्कळसा तुम्हाला जिवंत ठेवण्यासाठी मागे सोडायचा. पुढे सगळे रस्ते खणून झाले की परतीच्या वाटेने एकेक खांब काढायला घ्यायचा आणि मागचे छत कोसळू द्यायचे. बोटाने एकेक चौकोन पुसत ते मागे सरकत गेले. हे काम सर्वांत जोखमीचे. छताला टेकू म्हणून आधी लाकडी बल्ल्या असत, नंतर लोखंड आले. जुन्या लोकांना लाकूड आवडे, कारण लाकूड मोडण्याआधी करकरते. लोखंड काही सांगत नाही. काठीने छत ठोकून पाहायचे, आवाज भरीव आला तर पुढे जायचे, पोकळ आला तर थांबायचे. कानांनी जगायचे काम आहे, असे ते म्हणाले. आणि बोलताना ते स्वतः मोठ्याने बोलत होते, कारण त्यांना कमी ऐकू येत होते.

त्या मुलामुळे पुढे एका मे महिन्यात मी त्यांच्या गावाजवळच्या चालू विहिरीत उतरलो. उतरण्याचा मार्ग एकच, यारीच्या लोखंडी डब्यात बसून. काठावर यारीचा सांगाडा, तिला इंजिन, वायररोप, आणि खटका हाताळणारा एक पोरगेला मनुष्य. डबा हलत हलत खाली जाऊ लागला तसे भिंतीवरचे थर समोरून वर सरकू लागले. काळी माती, मग पांढरट चुनखडीचा पट्टा, मग मुरूम, मग जागोजागी पांढरे दाणे भरलेला मांजऱ्या खडक, मध्येच हातभर तांबडा गेरूचा थर, आणि त्याखाली काळा पाषाण. पुस्तकात लाव्हाच्या दोन लोटांमध्ये जो काळ गेला असे लिहिलेले असते, तो काळ त्या हातभर तांबड्या थरात होता. पण मी हे पाहत होतो तेव्हा खालचे तिघे वर पाहत होते, कारण डबा खाली येत असताना नजर वर ठेवावी लागते. कोळसाखाणीत भीती छताची. विहिरीला छत नाही, आभाळ आहे, आणि धोका त्या आभाळातूनच येतो. काठावरून बकरीच्या पायाने सुटलेला मुठीएवढा दगड तळाशी पोचेपर्यंत मूठ राहत नाही. आणि वर्तुळाकार विहिरीत आडोसा नसतो. पळायचे तर कोठे पळणार?

खोदण्याची रीत अशी. पाणाड्याने जागा दाखवली (त्याच्या नारळाविषयी मी बोलत नाही, माझे सासरे त्याच्यावर विश्वास ठेवतात), की मधोमध खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखायचे. माती आणि मुरूम टिकाव-फावड्याने निघतात. अलीकडे तेवढ्यापुरते पोकलेन लावतात. मांजऱ्या खडकापर्यंत पहार चालते. काळा पाषाण लागला की बार. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने भोके पाडायची, त्यांत जिलेटिनच्या कांड्या आणि केप भरायची, सगळ्यांनी वर यायचे, बार उडवायचे. मग धूर निघून जाण्याची वाट पाहायची. ही वाट पाहण्यातच खरी परीक्षा असते, कारण तळाशी वारा नसतो आणि गुत्ता फुटावर असतो. धूर पुरता न जाता उतरले की डोके ठणकते, मळमळते. जिलेटिन नुसते हाताळले तरी डोके धरते. त्यावर उपाय म्हणून काही जण कपाळाला फडके आवळून बांधतात. भोक पाडताना पाणी सोडले तर धूळ बसते, मोठ्या खाणींत तसे करतात. इथे ज्या पाण्यासाठी खोदायचे तेच अजून लागलेले नसते, तर धुळीवर कोठून सोडणार? त्यातल्या त्यात बरे म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात मोकळी सिलिका फारशी नसते. वालुकाश्माच्या खाणींत ती फुफ्फुसे दगडासारखी करून टाकते. आमचे लोक नुसते खोकतात.

जुन्या विहिरीचा गाळ काढायचा असेल तर वेगळी काळजी. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशी जड, मारक हवा साचते. जाणते लोक आधी दोरीने पेटता कंदील सोडतात. तो विझला तर माणूस उतरत नाही. इंग्लंडमध्ये हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये खाणीसाठी सुरक्षा-दिवा केला, ज्योतीच्या रंगावरून आणि उंचीवरून कामगार हवा ओळखू लागले. हे मी विद्यार्थ्यांना मोठ्या कौतुकाने सांगत असे. आमच्या शिवारात तोच दिवा रॉकेलवर जळत होता, हे मला विहिरीच्या काठावर समजले.

आणि खोली मोजायची ती परसाने. परस म्हणजे पुरुष, उभ्या माणसाचे माप. कोणी पाच फूट धरतो, कोणी सहा, कोणी हात उंचावून त्याहून अधिक. विहीर सात परस झाली, दहा परस झाली, म्हणजे एकावर एक तितकी माणसे उभी राहतील इतकी. शेतकरी आणि खोदणारा यांचे या मापावरून वाद होत, म्हणून व्यवहार फुटावर आला. बोलण्यात परस टिकून आहे.

आता आईविषयी. १९७२ च्या दुष्काळात ती बारा वर्षांची होती. मिलो आणि सुकडीच्या त्या दिवसांत सरकारने कामे काढली, आणि जागोजाग खडी फोडण्याची केंद्रे सुरू झाली. माणसे मोठा दगड फोडत, बायका आणि पोरे त्याची खडी करीत. ढीग ब्रासवर मोजला जाई. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, त्यामागे त्या दुष्काळाचा अनुभव होता, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते सांगण्यासारखेच आहे. पण सबंध मराठवाडा त्या वर्षी एक उघडी दगडखाण झाला होता, असे मी कोठे लिहिलेले वाचले नाही. आईला विचारले तर ती दुष्काळ सांगत नाही, डोळे सांगते. कपच्या उडून डोळ्यांत जात, म्हणून पोरी एक डोळा मिटून फोडत; दुपारनंतर डोळा बदलायचा. बस, एवढेच. पुढे माजलगावचे धरण झाले, त्याच्या भिंतीवरच्या दगडांकडे पाहताना मला नेहमी वाटते की हे दगड कोणीतरी एक डोळा मिटून पाहिलेले असतील.

त्या मुलाच्या वडिलांचा एक डोळा गेला तो असा नव्हे. जूनचा पहिला आठवडा होता, ढग येऊ लागले होते, पाऊस लागला की काम बंद आणि हिशेब अपुरा. “सहा भरले व्हते, सर. म्या पाच मोजले,” ते मला म्हणाले. सहावा बार उडाला नाही की दोन एकदम उडाले, यावर वर काठावर थोडी चर्चा झाली. खाणींत अशा वेळी ठरावीक काळ थांबतात आणि त्या जुन्या भोकाला हात लावत नाहीत. विहिरीत त्यांनी अर्धा तास वाट पाहिली, उतरले, आणि दगड सैल करण्यासाठी पहार घातली. उजवा डोळा त्याच वेळी गेला, त्या बाजूचा कानही. दवाखान्याचे पहिले बिल विहिरीच्या मालकाने भरले, त्यासाठी त्याने बैल विकला; त्याला दोष देता येत नाही, तोही कर्जात बुडालेला होता आणि विहिरीला पाणी बेताचेच लागले. नंतर मुलगा एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हिंडला. एके ठिकाणी त्याला विचारले गेले, तुझे वडील खाणीत होते का? तो म्हणाला, नाही, विहिरीत.

हे उत्तर मला अनेक दिवस सुटले नाही, म्हणून मी १९५२ चा खाण कायदा मिळवून वाचला. मराठीच्या मास्तराने वाचायची ती गोष्ट नव्हे, तरी वाचला. मुरूम, वाळू, बांधकामाचा दगड अशा लहान खोदकामांना त्यात सवलत होती: खोली कोठेही सहा मीटरपेक्षा जास्त नसावी, एका दिवशी पन्नासपेक्षा जास्त माणसे नसावीत, आणि स्फोटके वापरू नयेत. सहा मीटरच्या खाली किंवा स्फोटकांसह दगड काढाल तर ती खाण, आणि मग तिला व्यवस्थापक हवा, नोंदवही हवी, तपासणी हवी. दहा परस विहीर म्हणजे पंधरा ते अठरा मीटर, आणि जिलेटिन तर रोजचे. पण तिथून काढायचे असते पाणी. पाणी खनिजात धरले जात नाही. निघालेला दगड हा तर नुसता अडथळा. सरकारी भाषेत वाळू, मुरूम आणि दगड यांना ‘गौण खनिज’ म्हणतात. विहीर खोदणारा त्या गौणातही बसत नाही. पुढच्या दिवाळीत तो एका डोळ्याने ऊस तोडायला गेला, कारण मुकादमाची उचल आधीच घेतलेली होती आणि जोडप्याचा एक कोयता मोजला जातो, डोळे मोजले जात नाहीत.

साहित्याची गोष्ट काही वेगळी आहे असे मला म्हणवत नाही. २७ डिसेंबर १९७५ ला बिहारमधल्या (आताच्या झारखंडमधल्या) चासनाळा खाणीत शेजारच्या पाणी साचलेल्या जुन्या खाणीचे पाणी शिरले, पावणेचारशेच्या आसपास माणसे बुडाली. हिंदीत संजीव यांनी त्या पार्श्वभूमीवर ‘सावधान! नीचे आग है’ ही कादंबरी लिहिली. झरियाच्या कोळसापट्ट्यावरच्या ‘फायर एरिया’ या उर्दू कादंबरीसाठी इलियास अहमद गद्दी यांना १९९६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ऑर्वेल १९३६ मध्ये कोळशाच्या खाणीत वाकून चालत गेला आणि वरच्या सभ्य जगाचा सगळा डोलारा त्या वाकलेल्या पाठींवर आहे असे त्याला दिसले. चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसा आणि तुमसरकडचे मँगनीज मराठी मुलखातच आहे, तरी विद्यार्थ्याच्या हाती सहज ठेवावे असे त्या तोलाचे मराठी पुस्तक माझ्या कपाटात नाही. लक्ष्मण गायकवाडांचे ‘वडार वेदना’ मी देतो, आणि अण्णा भाऊंची ती कथा. विहिरीवर आपण भरपूर लिहिले आहे. मोट, पाणवठा, जीव देणाऱ्या सुना, पाण्यावरून झालेले अन्याय. ती विहीर नेहमी खोदून झालेली असते.

तो मुलगा पुढे एम.ए. झाला. प्रकल्पासाठी त्याने विहीर-खोदकामातली शब्दसंपदा हा विषय घेतला आणि शे-सव्वाशे शब्द जमवले; थरांचे, हत्यारांचे, बारांचे, आवाजांचे. खडकाच्या आवाजाला त्यात सात शब्द आहेत. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी हा विषय साहित्याचा नव्हे, असे मत दिले आणि तरीही गुण चांगले दिले, हे त्यांचे मोठेपण. प्रकल्पाची एक प्रत विभागात आहे, ज्यांना पाहायची असेल त्यांनी अवश्य यावे. यंदा अण्णा भाऊंची कथा घेताना मी स्मशानापाशी जाण्याआधी थांबणार आहे आणि त्याच्या वडिलांना वर्गात बोलावणार आहे, पहार कशी फिरवतात ते दाखवायला. ते हसून तयार झाले आहेत. फक्त ते ऊसतोडीवरून परततात एप्रिलमध्ये, आणि तेव्हा आमच्या परीक्षा सुरू असतात; त्यामुळे तारीख अजून ठरायची आहे.